आरसीवरचं १९५८ आणि आजोबांची हिरवी गाडी

११ जानेवारी २०२५, दुसरा शनिवार. शाळेला सुट्टी होती म्हणून सकाळीच लॅपटॉप उघडून बसले. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावायची सक्ती झाली होती. स्कूटरचं बुकिंग पाच मिनिटांत झालं. मग बाबांच्या मॉरिसचा नंबर टाकला. चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे, इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे. आरसी बुकात पाहून टाकले. माहिती जुळत नाही. चष्मा पुसून पुन्हा टाकले. माहिती जुळत नाही.

त्या दिवसापासून नोव्हेंबरपर्यंत मी या एका गाडीमागे होते. काम झालं आहे. ज्यांच्या घरी आजोबा-वडिलांची गाडी उभी आहे आणि कागद काहीतरी वेगळंच सांगतात, त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहून ठेवते.

आधी गाडीबद्दल. मॉरिस मायनर, चार दारांची, काळी. पुढची काच एक अखंड नाही, मधे पट्टी असलेले दोन तुकडे. स्पीडोमीटर मैलांचा. माझे आजोबा नागपूरच्या धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी त्यांनी आजोबांना हप्त्यानं दिली. ते साल १९५८. आरसी बुकात नोंदणीचं वर्ष १९५८ आणि निर्मितीचं वर्षही १९५८.

आजोबा मात्र एक गोष्ट नेहमी सांगायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी, डॉक्टरांनी त्यांच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, आई-वडिलांना घेऊन जा. पांढरे कपडे घातलेल्या माणसांनी रस्ते भरले होते. गाडी बरीच अलीकडे लावून ते सगळे चालत मैदानापर्यंत गेले. "हिरव्या मॉरिसनं गेलो होतो," असं आजोबा म्हणायचे. आमची गाडी काळी. शिवाय कागदावर १९५८. म्हणून घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की ती डॉक्टरांची दुसरी कुठली तरी गाडी असणार. आजोबांच्या आठवणीत दोन गाड्यांची सरमिसळ झाली असणार. बाबासुद्धा शेवटपर्यंत तसंच समजत होते. बाबा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले आणि गाडी माझ्याकडे आली.

२० जानेवारीला आरटीओत गेले. सोबत आरसी बुक, बाबांचा मृत्यू दाखला, विमा, पीयूसी. खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. पुस्तकातली नोंद संगणकात घेताना, म्हणजे ज्याला तिथं बॅकलॉग एन्ट्री म्हणतात त्या वेळी, चासी नंबरमधली सुरुवातीची इंग्रजी अक्षरं गळली होती. आणि मी जिथं ३ वाचत होते तिथं ८ होते. पुस्तकातली शाई इतकी फिकट झाली होती की त्या बाईंनी वाचलं तेव्हा मलाही ८ वाटायला लागलं. "ताई, आधी गाडीवर काय आहे ते पहा. पुस्तक आणि कॉम्प्युटर नंतर," त्या म्हणाल्या. वर्षभरात मिळालेला हा सगळ्यांत उपयोगी सल्ला.

बाहेर झाडाखाली एक एजंट भेटला. त्यानं सोपा मार्ग सांगितला: ८ टाका, प्लेट येऊन जाईल, कोणी पाहत नाही. दोन दिवस मी खरंच तसा विचार केला. मग वाटलं, उद्या गाडीचा अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसानं गाडीतल्या धातूच्या पाटीवर असलेला चासी नंबर पाहिला तर? आणि गाडी माझ्या नावावर करायची तर पेन्सिल प्रिंट, म्हणजे पाटीवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घेतलेला ठसा, द्यावीच लागणार होती. चुकीच्या नंबरावर नवी प्लेट लावली असती तर पुढच्या माणसाला हा गुंता आणखी घट्ट करून दिला असता.

मनात एक भीतीही होती, ती लिहून टाकते. पाटीवरचा नंबर तिसराच निघाला तर? ही गाडी पुस्तकातली गाडीच नसली तर? सदुसष्ट वर्षं जिला आपली म्हटलं तिच्याबद्दल असा विचार मनात आला की रात्री झोप लागत नाही. म्हणून पहिल्यांदा एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, संकेतस्थळावर वाहन समन्वय या चोरीच्या गाड्या तपासायच्या सोयीत दोन्ही नंबर, ३ चा आणि ८ चा, तपासले. चोरीच्या नोंदींत दोन्ही नव्हते. तो कागद छापून घेतला. फुकट असतो आणि पुढे फाइलमध्ये कामाला आला. तुम्हीही हे सगळ्यांत आधी करा.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी घाट रोडवरून आमचे मिस्त्री घरी आले. बाबांच्या वेळेपासून तेच या गाडीचं सगळं पाहतात. या मॉरिसची पाटी बॉनेट उघडल्यावर समोरच्या पत्र्यावर, इंजिनच्या मागच्या बाजूला रिव्हेटनं बसवलेली असते. आमच्या पाटीवर रंगाचे दोन-तीन थर होते. मी पॉलिश पेपर आणून ठेवला होता. मिस्त्रींनी तो उचलून बाजूला ठेवला.

"काहून घासून राहिले ताई? ओरखडा पडला का साहेब म्हणतील नंबर खोडला. मग बसा चकरा मारत."

त्यांनी कापसाला थिनर लावून, दाबून धरून, सोडून, पुन्हा लावून तीन तास काम केलं. घासलं म्हणून नाहीच. रंग मऊ झाला की लाकडी काडीनं उचलायचा. प्रत्येक टप्प्याचा मी फोटो घेत गेले, आणि हे फोटो नंतर तपासणीत फार कामाला आले. संध्याकाळी अंधार झाल्यावर टॉर्च समोरून न मारता बाजूनं, पाटीला लागून तिरपा धरला तेव्हा आकडे उठून दिसले. ३. अगदी स्पष्ट ३. आणि त्याच्या आधी पाच खुणा: एफ, ए, ई, २, १.

पूर्ण नंबर मी इथं देत नाही. तुम्हीही आपल्या गाडीचा पूर्ण चासी नंबर आणि आरसीचा फोटो कुठं टाकू नका. जुन्या गाडीची ओळख उचलून दुसऱ्या गाडीला चिकटवणारे लोक असतात.

मिस्त्रींना मी त्या दिवशी पंधराशे रुपये दिले. ते हजार म्हणत होते.

पुढचे दोन आठवडे मी रोज रात्री त्या पाच खुणांबद्दल वाचत होते. गणित शिकवणाऱ्या बाईला असं काही सापडलं की सोडवत नाही. १९५२ पासून काही वर्षं मॉरिसच्या चासी नंबराआधी अशा पाच खुणा असायच्या आणि प्रत्येकीला अर्थ होता. पहिलं अक्षर एफ, म्हणजे मायनर. दुसरं ए, चार दारांची सलून, म्हणजे बंद छताची गाडी; दोन दारांची असती तर बी असतं. चौथी खूण २, म्हणजे उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली, निर्यातीसाठीची पूर्ण तयार गाडी; सुटे भाग पाठवून बाहेर जोडायची गाडी असती तर तिथं ५ असतं. पाचवी खूण १, रंगाचा प्रकार, सिंथेटिक.

तिसरं अक्षर मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ते रंगासाठी असतं. ए म्हणजे काळा. आमच्या पाटीवर ए नव्हता. ई होता. ई म्हणजे हिरवा.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आईला उठवलं. ती अंथरुणात उठून बसली, थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सासूबाई सांगत होत्या मला. गाडी घेतली तवा लोकं रस्त्यात हात दाखवून थांबवत होते. डॉक्टर आले म्हणून. कोणाचं लेकरू आजारी, कोणाचं काय. तुझ्या आजोबाले ते पाहवेना. म्हणून त्यायनं गाडी काळी केली." हे तिनं याआधी कधीच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

सकाळी मिस्त्रींना बोलावलं. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं हात पोचत नाही अशा कोपऱ्यात, त्यांनी चार बोटं रुंदीचा काळा रंग थिनरनं काढला. खाली गडद हिरवा होता.

आता वर्षाकडे वळते. नोंदणीचं वर्ष आणि निर्मितीचं वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जुन्या पुस्तकांत त्या सर्रास एकच लिहिलेल्या असतात. आमचं पुस्तक नीट पाहिलं तर पहिल्या पानावर डुप्लिकेट असा शिक्का होता. मूळ पुस्तक हरवलं असणार, आजोबांच्या नावावर गाडी झाली तेव्हा दुसरं काढलं, आणि त्या दिवसाचं वर्ष दोन्ही रकान्यांत गेलं. दुसऱ्या पानावर आधीचा मालक म्हणून डॉक्टरांचं नाव आहे, त्यांनी गाडी कधी घेतली ते नाही. मधे राज्यं बदलली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, मग मुंबई राज्यात गेलं, १९६० ला महाराष्ट्रात. डॉक्टरांच्या घराच्या जागी आता अपार्टमेंट आहे.

कागद गप्प असले तरी गाडी बोलते. मॉरिस मायनर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. अॅलेक इसिगोनिस यांनी तिची रचना केली होती. पहिल्या गाड्यांत ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. १९५२ मध्ये सीरिज टू आली, त्यात ८०३ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन. त्याचा नंबर एपीएचएम या अक्षरांनी सुरू होतो. आमच्या इंजिनावर एपीएचएम आहे. म्हणजे गाडी १९५२ च्या आधीची नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये पुढची जाळी बदलून आडव्या पट्ट्यांची केली आणि स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध आणला. आमची जाळी जुनी, किसणीसारखी, आणि स्पीडोमीटर ड्रायव्हरच्या पुढ्यात. म्हणजे ऑक्टोबर १९५४ च्या आधीची. १९५६ च्या शरदात मायनर १००० आली, ९४८ सीसीची, आणि पुढची काच अखंड झाली. दोन तुकड्यांची काच असलेली गाडी १९५८ मध्ये तयार होणं शक्यच नव्हतं. लहानपणापासून त्या काचेतून रस्ता पाहिला, पण तीच उत्तर देते आहे हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

एक सावधगिरी. जाळी बदलता येते, डॅशबोर्ड बदलता येतो, इंजिनही. म्हणून एकाच भागावर विसंबू नका. लुकास कंपनीच्या विजेच्या भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. आमच्या डायनमोवर ५७ निघालं तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. मिस्त्री म्हणाले, डायनमो तर मी स्वतःच दोनदा बदलला आहे, सेल्फ पहा. सेल्फ खोलून साफ केला तर त्यावर ५३ होतं. एकटा सेल्फ काही सिद्ध करत नाही. पण सेल्फ, जाळी, डॅशबोर्ड, काच, इंजिन आणि पाटीवरची अक्षरं, सगळी एकाच दिशेला बोट दाखवायला लागली की मन स्थिर होतं.

माझं मन स्थिर झालं. आरटीओला मात्र लेखी पुरावा हवा होता. फेब्रुवारीच्या शेवटी तिथल्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, चासी नंबरची दुरुस्ती पाहणी करून होईल. वर्ष बदलायला गाडी बनवणाऱ्याचा कागद आणा." मॉरिस कंपनी केव्हाच गेली. पण इंग्लंडमध्ये वॉरिकशरमधल्या गेडन या गावी ब्रिटिश मोटर म्युझियम आहे आणि तिथल्या संग्रहात अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांची कारखान्यातली नोंदपुस्तकं ठेवलेली आहेत. त्यावरून ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. चासी नंबर, इंजिन नंबर, गाडी तयार झाल्याची तारीख, कारखान्यातून निघाल्याची तारीख, कुठं पाठवली, मूळ रंग, हे सगळं त्यात असतं.

३ मार्चला अर्ज केला. पाटीचा फोटो आणि मालकीचा कागद मागतात. माझी अडचण अशी की मालकीच्या कागदावर ८ आणि पाटीवर ३, आणि मालक म्हणून बाबांचं नाव. मी एका पानाचं पत्र लिहिलं: गाडी कोणाची, बाबा कधी गेले, आकडा कसा बदलला, रंग काढतानाचे फोटो क्रमानं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मृत्यू दाखल्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडलं. शुल्क कार्डनं भरलं. टपालासकट सहा हजारांच्या आसपास गेले. तुमचं कार्ड परदेशी व्यवहारासाठी चालू आहे का ते आधी पाहून घ्या. माझं नव्हतं, त्यात चार दिवस गेले.

मग वाट पाहणं. मार्च संपला, परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले. एप्रिलमध्ये नागपूरचं ऊन सुरू झालं. गाडीवर मी ओली पोती टाकत होते, जणू तिला ऊन लागेल. आई रोज दुपारी विचारायची, आलं का ग काही. २ मेला पाकीट आलं.

जिन्यातच उभी राहून फोडलं. चासी नंबर, पाचही अक्षर-आकड्यांसह, ३ चा. इंजिन नंबर आपल्याच गाडीचा. तयार झाल्याची तारीख ऑगस्ट १९५३. पाठवली मुंबईला. रंग हिरवा.

आजोबांनी त्या दिवशी गाडी नेली हे या कागदानं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला गाडी नागपुरात होती असंही त्यात लिहिलेलं नाही. पण ती तेव्हा तीन वर्षांची होती आणि हिरवी होती. त्यांना खोडून काढायला आमच्याकडे असलेली दोन्ही कारणं संपली. मी आजोबांच्या फोटोसमोर कागद ठेवला आणि बराच वेळ तिथंच बसले. आम्ही त्यांच्या तोंडावर कधी खोटं म्हटलं नव्हतं. फक्त हसून विषय बदलायचो. त्यांना ते कळत असणार.

जूनमध्ये फाइल लावली. सगळं एकदम करायचं ठरवलं: वारसाहक्कानं गाडी माझ्या नावावर, चासी नंबरची दुरुस्ती, निर्मितीच्या वर्षाची दुरुस्ती. मालक वारल्यावर नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. तो तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो; मला दीड वर्ष झालं होतं, त्याचा दंड भरला. आई आणि धाकटा भाऊ यांची संमतीची प्रतिज्ञापत्रं, माझं प्रतिज्ञापत्र, मृत्यू दाखला, आधार, विमा, पीयूसी, वाहन समन्वयचा कागद, हेरिटेज सर्टिफिकेट आणि त्याचं मी केलेलं मराठी भाषांतर, पाटीचे फोटो. प्रतिज्ञापत्रं आणि नोटरीचे चोवीसशे, सरकारी शुल्क आणि दंड मिळून दोन हजारांच्या आत. भाऊ पुण्याला असतो. त्याचं प्रतिज्ञापत्र तिकडूनच करून मागवलं, पण नाव आधारवर वेगळं आणि दाखल्यावर वेगळं निघालं म्हणून पुन्हा करावं लागलं. वारसांची नावं सगळ्या कागदांवर अक्षर न अक्षर जुळवून मगच टाइप करा. यात माझे अठरा दिवस गेले.

दुसरं, अर्जाच्या वर एक पानाचं टिपण ठेवा. मी तीन रकाने आखले होते: पुस्तकात काय आहे, संगणकात काय आहे, गाडीवर काय आहे. फाइल ज्या टेबलावर गेली तिथं आधी तेच पान वाचलं गेलं. जाडजूड फाइल उघडायला माणूस कंटाळतो, एक पान वाचतो.

१६ जुलैला पाहणी. सकाळपासून पाऊस. गाडी चालवत न्यायची माझी हिंमत झाली नाही, टोइंग करून नेली, अठराशे रुपये. मोटार वाहन निरीक्षक तरुण होते. बॉनेट उघडून त्यांनी आधी पाटी पाहिली नाही, रिव्हेट पाहिले. रिव्हेट नवे असतील तर पाटी काढून बसवली आहे असा अर्थ होतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीनं प्रिंट घेतली. एकदा, दोनदा. पावसाच्या दमटपणानं कागद ओला होत होता. मी घरून सुक्या दिवशी काढलेल्या दोन प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत आणल्या होत्या. त्यांनी स्वतःची प्रिंट घेऊन माझ्याशी ताडून पाहिली. रंग काढतानाचे फोटो एकेक करून पाहिले. इंजिन नंबर सर्टिफिकेटशी जुळवला. डिकीत वाकून हिरवा कोपरा पाहिला. पाऊण तास लागला.

जाताना म्हणाले, "तुमच्या आजोबांनी पाटी काढली नाही हे बरं केलं. रंगवताना बरेच लोक काढून ठेवतात आणि मग सापडत नाही."

ऑगस्टमध्ये काहीच हललं नाही. दर सोमवारी शाळा सुटल्यावर चक्कर, दर सोमवारी "साहेबांकडे आहे". त्याच महिन्यात बातमी आली की वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क वाढलं. हलक्या खाजगी चारचाकीला दहा हजार, आणि आयात केलेल्या चारचाकीला ऐंशी हजार. बाबांनी डिसेंबर २०२१ मध्ये नूतनीकरण केलं तेव्हा सहाशे रुपये लागले होते. आमची आरसी डिसेंबर २०२६ पर्यंत चालते. पण मी स्वतःच्या हातानं सिद्ध केलं होतं की गाडी इंग्लंडात तयार झाली. भाऊ फोनवर म्हणाला, ते सर्टिफिकेट दिलंच नसतंस तर? खरं सांगते, त्या रात्री मीही हिशोब मांडून बसले. पण कागद दिल्याचा पश्चात्ताप झाला नाही. चुकीच्या वर्षाची, गळलेल्या नंबराची गाडी स्वस्तात चालवायची आणि आजोबांची गोष्ट पुन्हा अर्धवट ठेवायची, हे मला जमलं नसतं.

दुसरा मार्ग आहे तो व्हिंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि आधीचा नंबर कायम ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे आईला दवाखान्यात नेता येणार नाही. डिसेंबर २०२६ च्या आत हे ठरवायचं आहे आणि मी त्यासाठी दर महिन्याला पाच हजार बाजूला टाकते आहे.

२२ सप्टेंबरला फोनवर संदेश आला: मंजूर. ९ ऑक्टोबरला पोस्टमननं आरसीचं कार्ड आणून दिलं. नाव माझं. चासी नंबर अक्षरांसकट. निर्मिती ऑगस्ट १९५३. नोंदणीच्या रकान्यात १९५८ तसंच ठेवलं आहे, कारण त्याला दुसरा पुरावा माझ्याकडे नाही, आणि ते योग्यच आहे.

यंदा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या गर्दीत जुनी गाडी न्यायचा प्रश्नच नव्हता. १४ ऑक्टोबरला, मंगळवारी, मी रजा टाकली. आईला पुढच्या सीटवर बसवलं. पहाटे साडेपाचला निघालो, रस्ते मोकळे होते. लक्ष्मीनगरच्या चढावर गाडी थोडी कुरकुरली. दीक्षाभूमीपासून बरीच अलीकडे गाडी लावली आणि चालत गेलो. आईचे गुडघे दुखतात, जवळ लावता आली असती. तिनंच नको म्हटलं.

नंबर प्लेटचं बुकिंग मग पहिल्या फटक्यात झालं. ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी, मिळून ८७९ रुपये १० पैसे. १८ नोव्हेंबरला बसवून आणली. मागच्या जुन्या प्लेटची भोकं आणि नवीची भोकं जुळत नव्हती. पत्र्याला नवं भोक पाडायची गरज नाही, मधे एक पट्टी लावून मिळते. आधी सांगावं लागतं.

मिस्त्रींनी विचारलं, आता हिरवी करून टाकू का. रंग बदलायचा तर आरसीवर त्याचीही नोंद करून घ्यावी लागते, तो एक अर्ज पुन्हा. पण कारण ते नव्हतं. आई म्हणाली, आजोबांनी काळी केली ती काही उगाच नाही केली, तशीच राहू दे. डिकीच्या झाकणाखालचा चार बोटांचा हिरवा कोपरा तेवढा उघडा ठेवला आहे. गंज धरू नये म्हणून मिस्त्रींनी त्यावर क्लिअर लॅकरचा हात मारून दिला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.